चुकीची बरणी

शुक्रवारी रात्री उशिरा घरी आलो की माझा रूममेट क्रिकेटच्या हायलाइट्स लावतो आणि मी नव्वद-पंच्याण्णव वर्षांपूर्वीचा एखादा ब्लॅक अँड व्हाइट भयपट लावतो. त्यात सगळं ठरलेलं असतं. पडका बुरूज, बाहेर वादळ, काचेच्या नळ्यांमधून खदखदणारं काहीतरी, कडाकडा उडणाऱ्या ठिणग्या आणि मधोमध केस विस्कटलेला, चार रात्री झोप न झालेला एक शास्त्रज्ञ. रूममेटचा प्रश्नही ठरलेला. "हे बघून घाबरतं कोण रे?"

खरं सांगायचं तर कोणीच नाही. मीही घाबरत नाही. लहानपणी नारायण धारपांची पुस्तकं पांघरुणात टॉर्च लावून वाचलेल्या माणसाला असल्या ठिणग्यांचं काय भय? पण तरीही बघतो. 'फ्रँकेन्स्टाईन' तर सात-आठ वेळा बघून झालाय. आता चार रात्री झोप न झालेला माणूस मला जवळचा वाटतो, हे एक कारण झालंच (आमच्यात त्याला डेडलाइन म्हणतात). पण दुसरं एक कारण आहे, आणि ते मला बरेच दिवस सापडत नव्हतं. त्यासाठी थोडं मागे जावं लागेल.

एप्रिल १८१५ मध्ये इंडोनेशियातल्या तांबोरा ज्वालामुखीचा प्रचंड स्फोट झाला. त्याची धूळ वातावरणात इतकी पसरली, की पुढच्या वर्षी युरोपात उन्हाळाच आला नाही. १८१६च्या त्या पावसाळी, गारठलेल्या जूनमध्ये जिनिव्हाच्या सरोवराकाठी काही इंग्रज मंडळी सुट्टीला गेली होती. बाहेर पडायची सोय नाही, म्हणून कवी बायरनने टूम काढली, की प्रत्येकाने एक भुताची गोष्ट लिहायची. त्या मंडळींतली मेरी तेव्हा फक्त अठरा वर्षांची होती. तिची गोष्ट पुढे वाढत गेली आणि १८१८ मध्ये लेखिकेच्या नावाशिवाय छापली गेली. तीच 'फ्रँकेन्स्टाईन'.

तेव्हा वीज म्हणजे ताजा विषय होता. इटलीतल्या गॅल्व्हानीने मेलेल्या बेडकाचे पाय विजेने उडवून दाखवले होते. त्याचा भाचा अल्दिनी त्याच्याही पुढे गेला. जानेवारी १८०३ मध्ये लंडनला फाशी दिलेल्या जॉर्ज फॉर्स्टर नावाच्या माणसाच्या प्रेताला त्याने लोकांसमोर बॅटरीच्या तारा लावल्या. जबडा थरथरला, एक डोळा उघडला. बघणाऱ्यांपैकी काहींना वाटलं, उठतोय की काय!

पण गंमत अशी, की मेरी शेलीच्या पुस्तकात ते यंत्रांचं काहीच नाही. बुरूज नाही, कुबडा मदतनीस नाही. व्हिक्टर फ्रँकेन्स्टाईन डॉक्टरसुद्धा नाही, इंगोलस्टाटच्या विद्यापीठातला एक विद्यार्थी आहे. जीव कसा घातला ते तो सांगतच नाही, दुसऱ्या कोणी तसं करू नये म्हणून. आणि त्या प्राण्याने डोळे उघडल्यावर हे महाशय काय करतात? घाबरून खोलीतून पळ काढतात आणि जाऊन झोपतात! दुसऱ्या दिवशी परत येतात तर खोली रिकामी. याला आनंद होतो. एरर पुन्हा दिसली नाही म्हणून तिकीट बंद करणारा हा जगातला पहिला इंजिनियर असावा.

मग आपल्या डोक्यातला तो वेडा शास्त्रज्ञ आला कुठून? तर सिनेमातून. फ्रिट्झ लांगच्या 'मेट्रोपोलिस' (१९२७) या जर्मन मूकपटात रोटवांग नावाचा शोधक आहे. एका हाताला काळा हातमोजा, डोळ्यांत आग, आणि समोर प्रकाशाच्या कड्यांमध्ये बसलेली यंत्रबाई. त्यानंतर चार वर्षांनी, २१ नोव्हेंबर १९३१ रोजी, युनिव्हर्सल कंपनीचा 'फ्रँकेन्स्टाईन' आला आणि साचा पक्का झाला. त्यातली ठिणग्यांची यंत्रं केनेथ स्ट्रिकफाडन नावाच्या एका विजेच्या कारागिराने बनवली. ती खरोखर चालायची, म्हणजे निदान ठिणग्या तरी खऱ्या होत्या. १९७४ मध्ये मेल ब्रूक्सने या सगळ्याची टर उडवणारा 'यंग फ्रँकेन्स्टाईन' काढला, तेव्हा म्हाताऱ्या स्ट्रिकफाडनने तीच जुनी यंत्रं त्याला काढून दिली. त्रेचाळीस वर्षं जपून ठेवलेलं हार्डवेअर! आमच्याकडे तीन वर्षांपूर्वीचा सर्व्हर भंगारात जातो.

मेकअप करणारा जॅक पिअर्स तर आपल्याच जातकुळीतला. राक्षसाचं डोकं वरून सपाट का? तर पिअर्सने विचार केला, की फ्रँकेन्स्टाईन काही शिल्पकार नाही. त्याला मेंदू आत टाकायचाय. तो डबीच्या झाकणासारखी कवटी सरळ कापणार, मेंदू ठेवणार आणि वरून क्लिपा मारून मोकळा होणार. म्हणजे डेडलाइनवर केलेलं काम जसं दिसतं तसंच ते डोकं दिसलं पाहिजे. मानेतले ते दोन खिळे म्हणजे विजेची टोकं. जगातला सगळ्यात प्रसिद्ध राक्षसी चेहरा हा असा घाईघाईत केलेल्या पॅचचा हिशेब आहे.

आता मुख्य मुद्दा, तो बरणीचा.

सिनेमात फ्रिट्झ नावाचा कुबडा मदतनीस आहे. (त्याला सगळे इगोर म्हणतात. तो 'सन ऑफ फ्रँकेन्स्टाईन'मधला, १९३९चा.) तो मेंदू चोरायला मेडिकल कॉलेजात शिरतो. तिथे दोन बरण्या असतात. एकीत चांगला मेंदू, दुसरीत गुन्हेगाराचा. चांगली बरणी त्याच्या हातून पडते आणि फुटते. मग तो दुसरी उचलतो आणि साहेबांना काहीच सांगत नाही. पुढचं सगळं रामायण त्यामुळे घडलं, असं सिनेमा आपल्याला सांगतो. पुस्तकात हा प्रसंग नाही. पुस्तकातला प्राणी बिघडतो तो टाकून दिल्यामुळे. जो कोणी भेटेल तो दगड मारतो म्हणून.

माझ्या कामाच्या भाषेत सांगायचं तर हे 'रूट कॉज'चं प्रकरण आहे. काही कोसळलं की दुसऱ्या दिवशी मीटिंग होते आणि एक कारण शोधलं जातं. कारण कसं हवं? एका ओळीत मावणारं, आणि शक्यतो मीटिंगमध्ये नसलेल्या माणसाचं. चुकीची बरणी हे आदर्श कारण आहे. पार्ट खराब आला, डिझाइन उत्तम होतं. आणि बरणी उचलली कोणी, तर कंत्राटी माणसाने.

हा प्रकार एकट्या या सिनेमाचा नाही. याच दिग्दर्शकाचा, जेम्स व्हेलचा, 'द इन्व्हिजिबल मॅन' (१९३३) बघा. एच. जी. वेल्सच्या कादंबरीतला ग्रिफिन मुळातच निर्दय आहे. अदृश्य व्हायच्या आधीच त्याने स्वतःच्या बापाला लुबाडलेलं असतं. सिनेमात मात्र एक काल्पनिक औषध येतं, मोनोकेन. त्याने माणूस वेडा होतो. ग्रिफिन बिचारा चांगला होता हो, औषध वाईट निघालं. परत तीच बरणी!

पण 'फ्रँकेन्स्टाईन'चं मोठेपण असं, की पटकथा बरणीकडे बोट दाखवते आणि पडदा भलतंच काहीतरी दाखवतो. राक्षस पहिल्यांदा समोर येतो तो प्रसंग आठवा. फ्रँकेन्स्टाईन त्याला खुर्चीत बसवतो आणि दोरी ओढून छताचा झरोका उघडतो. वरून उजेड येतो. तो हळूहळू उठतो, मान वर करतो आणि दोन्ही हात उजेडाकडे नेतो. तो उजेड धरायला बघतो! मग झरोका बंद होतो. तो काही न बोलता हात पुढे करून उभा राहतो, दे म्हणून. गुन्हेगाराचा मेंदू असं करतो का? पुढच्याच क्षणी फ्रिट्झ पेटता पलिता घेऊन येतो, तो भितो, धडपडतो आणि हे लोक त्याला तळघरात साखळीने बांधतात. वय वर्षं शून्य.

दुसरा प्रसंग तळ्याकाठच्या छोट्या मारियाचा. ती त्याला न भिता खेळायला बोलावते. दोघं मिळून पाण्यात फुलं टाकतात. फुलं तरंगतात. फुलं संपतात. समोर तितकीच सुंदर गोष्ट एकच उरलेली असते. तो तिला उचलतो आणि पाण्यात टाकतो. तीही तरंगेल म्हणून. ती तरंगत नाही. मग तो जो सैरभैर होतो, ते बघवत नाही.

सध्या ज्यांचं पोट मशीन लर्निंगवर आहे त्यांनी हा प्रसंग एकदा शांतपणे बघावा. त्याचं काय चुकलं? दिलेल्या चार उदाहरणांवरून त्याने नियम काढला आणि पाचवीला लावला. उदाहरणं खरी होती, तर्क बरोबर होता. त्याला 'थांब, हे फूल नाही' असं सांगणारं तिथे कोणी नव्हतं, बस्स. आणि ज्याने सांगायचं तो गृहस्थ लग्नाच्या तयारीत होता.

१९३४ नंतर हॉलिवुडचे सेन्सॉरचे नियम कडक झाले आणि पुन्हा प्रदर्शित करताना सिनेमाला कात्री लागली. प्रयोग यशस्वी झाल्यावर फ्रँकेन्स्टाईन ओरडतो, की देव असणं म्हणजे काय ते मला आता कळलं. ते वाक्य उडवलं. मारियाला पाण्यात टाकतानाचा भागही कापला. परिणाम काय झाला? लोकांना तो मुलीकडे हात नेताना दिसायचा आणि थेट तिचं प्रेत घेऊन गावातून चाललेला बाप. मधलं ज्याने त्याने मनात भरलं, आणि मनात जे भरलं जातं ते नेहमीच जास्त वाईट असतं. सेन्सॉरने एका अपघाताचा गुन्हा करून टाकला. तो तुकडा सिनेमात परत आला थेट १९८०च्या दशकात. तोवर दोन पिढ्यांनी निकाल लावून टाकला होता.

हा सिनेमा १९३१ मध्येच एवढा का चालला असेल? मंदी होती, लोकांना काहीही करून दोन तास दुसरीकडे जायचं होतं, हे आहेच. वीजही अजून सगळ्यांच्या घरची नव्हती. अमेरिकेतल्या शेतकऱ्यांपैकी दहातल्या एकाकडेच ती पोचली होती, तेव्हा पडद्यावरची ठिणगी म्हणजे निम्मी जादूच. पण त्याखाली महायुद्ध होतं. जेम्स व्हेल स्वतः पहिल्या महायुद्धात खंदकात लढलेला, जर्मनांच्या कैदेत राहिलेला. नाटकाचा नाद त्याला त्या युद्धकैद्यांच्या छावणीतच लागला. शिवलेले, जोडलेले, अर्धे चेहरे गेलेले सैनिक त्या पिढीने गावोगाव बघितले होते. पिअर्सचे टाके बघून त्यांना काय आठवत असेल ते वेगळं सांगायला नको.

आणि ते चेहरे कोणा वेड्याने केले नव्हते. एप्रिल १९१५ मध्ये ईप्रजवळ जर्मनांनी क्लोरीन वायू सोडला, त्यामागे फ्रिट्झ हाबर हा रसायनशास्त्रज्ञ होता. पडक्या बुरुजात राहणारा नव्हे, बर्लिनच्या मोठ्या संस्थेचा प्रमुख. त्याची पत्नी क्लारा स्वतः रसायनशास्त्रात डॉक्टरेट मिळवलेली. वायू सोडल्याला दोन आठवडेही झाले नव्हते तेव्हा तिने आत्महत्या केली. आणि हाबरना १९१८ सालचं नोबेल मिळालं, हवेतल्या नायट्रोजनपासून अमोनिया बनवल्याबद्दल. त्याच अमोनियाच्या खतावर आज अर्धं जग जेवतं. आता या माणसाला कुठल्या बरणीत घालायचं?

मला वाटतं, वेड्या शास्त्रज्ञाच्या सिनेमांची खरी ओढ इथे आहे. ते फार सोयीचे आहेत. त्यात दोष एकाच माणसाचा असतो, तो दिसायलाच वेडा असतो आणि शेवटी आगीत जळतो किंवा स्वतःच्याच निर्मितीच्या हातून मरतो. गाव मशाली घेऊन जातं, काम संपवतं आणि घरी येऊन झोपतं. कमिटी नाही, बजेट नाही, मिनिट्स ऑफ मीटिंग नाहीत. मी त्यासाठीच बघत होतो. दीड तास स्वतःला सांगायला, की मी तसा नाही. माझे केस व्यवस्थित आहेत.

माझं काय ते थोडक्यात सांगतो. आमच्या टीमने एका क्लायंटसाठी हाताने भरलेले मराठी फॉर्म वाचणारी सिस्टिम बनवली. तोवर ते काम क्लायंटच्या तिसऱ्या मजल्यावर बारा-चौदा माणसं करायची, सगळी कंत्राटी. आमच्या सिस्टिमला देवनागरी १ आणि ९ ओळखता येईनात. जन्मतारखांचा नुसता विचका. तेव्हा तिसऱ्या मजल्यावरच्या एका काकूंकडे मला पाठवलं. त्यांनी तीन आठवडे मला शेजारी बसवून शिकवलं. "आकड्याकडे नको बघू रे, माणसाकडे बघ. हा मास्तरांचा हात आहे, यांचा नऊ असाच येतो. हा बघ, याने आयुष्यात चार वेळा पेन धरलंय, याचा एक असा थरथरतो." रोज विचारायच्या, जेवलास का? मी त्यांच्या खुणा एकेक करून लिहून घेतल्या, हजारो नमुने त्यांच्याकडून तपासून घेतले आणि सिस्टिम शिकली.

लाइव्ह गेलो त्या दिवशी मीटिंग रूममध्ये सामोसे होते. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या, मीही. महिन्याभराने तिसऱ्या मजल्यावर गेलो तर खुर्च्या एकावर एक रचून ठेवलेल्या. चहावाल्याने सांगितलं, कंत्राट संपलं. त्यानंतर त्या इमारतीत गेलो की मी दुसऱ्या बाजूच्या जिन्याने जायचो, म्हणजे तो मजला लागत नाही. व्हिक्टर फ्रँकेन्स्टाईन झोपायला गेला म्हणून मी वर हसलो ना, ते त्या जिन्यावरून.

हे वाचून कोणी म्हणेल, मग काय फॉर्म हातानेच भरत बसायचे का? नाही. मेरी शेलीचं पुस्तक पुन्हा वाचताना मला तेच जाणवलं. तिथला प्राणी बनवणाऱ्याला भेटतो तेव्हा तो 'मला का बनवलंस' एवढंच विचारून थांबत नाही. बनवलंस, आता तुझं माझ्याशी काही कर्तव्य आहे की नाही, असं तो विचारतो. हिशेब मागतो. माझा गुन्हा सिस्टिम बनवल्याचा नाही. प्रोजेक्ट प्लॅनमध्ये 'लाइव्ह' नंतरची ओळ कोरी होती आणि त्या मजल्याचं काय, हे आठ महिन्यांत मी एकदाही विचारलं नाही, हा आहे. विचारून फरक पडला असता का? कदाचित नाही. पण विचारलं नाही.

जाता जाता राक्षसाची ओळख करून देतो. बोरिस कारलॉफ. खरं नाव विल्यम हेन्री प्रॅट, जन्म लंडनचा, १८८७. वडील हिंदुस्थानात सरकारी नोकरीत, मिठाच्या खात्यात. आणि आईची सख्खी मावशी म्हणजे अ‍ॅना लिओनोवेन्स, सयामच्या राजाच्या दरबारातली ती प्रसिद्ध शिक्षिका, जिच्यावरून 'द किंग अँड आय' निघाला. या अ‍ॅनाबाईंचा जन्म १८३१चा, अहमदनगरचा (आताचं अहिल्यानगर)! म्हणजे हॉलिवुडच्या राक्षसाचं एक मूळ आपल्या नगरच्या छावणीत आहे. चव्वेचाळिशीला टेकेपर्यंत कारलॉफ किरकोळ कामं करत होता. 'फ्रँकेन्स्टाईन'च्या सुरुवातीच्या नामावलीत राक्षसाच्या नावापुढे नुसतं प्रश्नचिन्ह आहे. रोज काही तास मेकअप, मग दिवसभर शूटिंग, मग तो मेकअप उतरवणं. १९३३ मध्ये हॉलिवुडच्या नटांनी कामाचे तास वगैरेंसाठी स्क्रीन अ‍ॅक्टर्स गिल्ड ही संघटना काढली, तेव्हा पहिल्या मोजक्या सभासदांत हा होता. राक्षसाने युनियन काढली! सिनेमात त्याला बोलता येत नव्हतं, बाहेर येत होतं.

सिनेमात तो बोलायला शिकला १९३५ च्या 'ब्राइड ऑफ फ्रँकेन्स्टाईन'मध्ये. शिकवतो कोण? रानात एकटा राहणारा एक आंधळा म्हातारा. ना पदवी, ना प्रयोगशाळा. तो त्याला जेवू घालतो, व्हायोलिन ऐकवतो, एकेक शब्द शिकवतो. पाव. मित्र. चांगलं. या सगळ्या सिनेमांमधला सपोर्ट देणारा हा एकच माणूस. मग दोन शिकारी येतात, झटापट होते, झोपडी पेटते. म्हाताऱ्याला हाताला धरून बाहेर नेतात, आणि आगीतून तो राक्षस मित्राला हाका मारत बाहेर येतो.

गेल्या शनिवारी हा प्रसंग बघताना मी पॉज केलं. रूममेटने विचारलं, "काय रे, घाबरलास?" हो म्हटलं.

रविवारी काकूंना फोन केला. नंबर होता माझ्याकडे, पहिल्यापासून होता. बराच वेळ बोललो. त्या आता घरूनच शिकवण्या घेतात, चौथीपर्यंतच्या. मी जे बोलायचं ठरवलं होतं ते अर्धंच बोलता आलं. त्यांनी ते ऐकून घेतलं, थोडा वेळ गप्प राहिल्या. मग म्हणाल्या, "आणि काय रे, त्याला आता एक आणि नऊ कळतात का नीट?"

"कळतात काकू," म्हटलं.

"मग बरं," म्हणाल्या. "जेवलास का?"